इम्प्लांटवर क्राउन सिमेंट करताना: मार्जिन ठरवण्यापासून पुढच्या तपासणीपर्यंत

नैसर्गिक दातावर कॅप बसवण्यात हात तयार झाला की इम्प्लांटवरची, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरची कॅप त्याहून सोपी वाटते. नस नाही, ठणका नाही, भूल द्यायची गरज नाही. क्राउनमध्ये, म्हणजे कॅपमध्ये सिमेंट भरायचं, दाबायचं, बाहेर आलेलं पुसायचं आणि पेशंटला घरी पाठवायचं. नेमकी हीच सवय इम्प्लांटला महागात पडते. इथे क्राउन निघून येण्याची भीती कमी असते. हिरडीखाली सिमेंट राहून जाण्याची भीती जास्त. म्हणून पुढे सिमेंट कालवण्याच्या आधीच्या तयारीवर बराच वेळ घालवला आहे. बाहेर आलेलं सिमेंट खरवडण्यात पटाईत होण्यापेक्षा ते बाहेर येऊच न देणं कितीतरी सोपं आहे.

सिमेंट इतकं खोल का जातं

नैसर्गिक दाताच्या मुळावर हिरडीचे तंतू काटकोनात रुतलेले असतात. क्राउन दाबताना सिमेंट खाली सरकू लागलं तर हे तंतू त्याला बऱ्यापैकी अडवतात. अबटमेंटभोवती (इम्प्लांटवर स्क्रूने बसणारा, क्राउन पेलणारा खुंट) तसे रुतलेले तंतू नसतात; ते पृष्ठभागाला समांतर किंवा गोल कड्यासारखे असतात आणि हिरडीची पकड नाजूक असते. क्राउन खाली जाताना पिचकारीसारखा दाब तयार होतो आणि सिमेंट मार्जिनच्या, म्हणजे क्राउनची कड अबटमेंटला जिथे टेकते त्या रेघेच्या खाली, कधी थेट हाडाच्या कडेपर्यंत पोचतं. तिथे ते घट्ट बसतं, खरखरीत राहतं आणि त्यावर जंतूंचा थर जमतो.

थॉमस विल्सन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारीक एंडोस्कोपने हिरडीखाली पाहिलं होतं. सिमेंटने बसवलेल्या ज्या इम्प्लांटभोवती आजाराची लक्षणं होती, त्यांतल्या ८१ टक्के ठिकाणी जादा सिमेंट सापडलं. ते काढल्यावर त्यांतली बहुतेक ठिकाणं शांत झाली. त्रास लक्षात येईपर्यंत गेलेला काळ ४ महिन्यांपासून ९ वर्षांहून अधिक होता. क्राउन बसवल्यावर महिनाभरात पेशंट हसत आला म्हणून काम साफ झालं असं धरता येत नाही, ते यामुळेच. ज्यांना पूर्वी पायोरिया होऊन गेलाय त्यांच्या बाबतीत तर राहिलेल्या सिमेंटला अजिबात माफी नसते.

आधी ठरवा: सिमेंटच हवं का

स्क्रूने बसणारा क्राउन देता येत असेल तर तो द्या, असा आमचा स्पष्ट कल आहे. सिमेंटचा प्रश्नच मिटतो आणि उद्या काही बिघडलं तर क्राउन उघडता येतो. स्क्रूचं भोक पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूला येत असेल तर पूर्वी सिमेंटशिवाय इलाज नव्हता. आता तिरक्या चॅनलचे (स्क्रूची वाट तिरकी असलेले) अबटमेंट साधारण २५ अंशांपर्यंत भोक मागे वळवू शकतात. शिवाय मधला मार्गही आहे: लॅबमध्ये क्राउन टायटॅनियम बेसवर (इम्प्लांटला जोडणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्यावर) तोंडाबाहेर चिकटवायचा, जादा सिमेंट तिथेच घासून पॉलिश करायचं आणि सगळं एकसंध तोंडात स्क्रूने बसवायचं.

तरीही तोंडात सिमेंट करण्याची वेळ येते. इम्प्लांट फार तिरका असतो, चावण्याच्या पृष्ठभागावर भोक नको असतं, किंवा केस दुसऱ्याकडून अर्धवट आलेली असते. अशा वेळी आधी अबटमेंटची उंची मोजा. मार्जिनच्या वर ४ मिमीपेक्षा कमी उंची असेल तर सिमेंटच्या भरवशावर राहू नका, स्क्रूकडे वळा. भिंतींचा एकूण उतार ६ अंशांच्या आसपास असला की पकड चांगली मिळते. उतार वाढत गेला की पकड झपाट्याने घटते.

मार्जिन कुठे आहे, यावर निम्मं काम ठरतं

लॅबला अबटमेंट सांगताना मार्जिनची जागा स्वतः लिहून द्या. मागच्या दातांत मार्जिन हिरडीच्या बरोबरीने किंवा किंचित वर ठेवायला काहीच हरकत नाही; तिथे रंगाची रेघ कोणाला दिसत नाही. पुढच्या दातांत दर्शनी बाजूला हिरडीखाली अर्धा ते एक मिमी पुरे. लिथुआनियाचे तोमास लिंकेविचियुस यांच्या अभ्यासांत मार्जिन जसजसं खोल गेलं तसतसं न सापडलेलं सिमेंट वाढत गेलेलं दिसतं. २ मिमी खोलीनंतर तुम्ही कितीही चांगले असलात तरी तुम्ही अंदाजाने काम करत असता.

इथे तयार, म्हणजे स्टॉक अबटमेंट दगा देतो. त्याचं मार्जिन सपाट, एका पातळीत असतं. हिरडी मात्र सपाट नसते. दोन दातांच्या मध्ये ती वर चढते. त्यामुळे दर्शनी बाजूला १ मिमी खोल दिसणारं मार्जिन दातांच्या फटीत ३ किंवा ४ मिमी खोल असतं. आपण आरशात दर्शनी बाजू पाहून समाधान मानतो आणि सिमेंट फटीत राहतं. प्रोब (खोली मोजायची खुणांची बारीक सळई) घेऊन चारही बाजूंनी मार्जिनची खोली मोजा आणि आकडे केसपेपरवर लिहा. कुठेही २ मिमीहून जास्त आलं तर हिरडीच्या वळणाप्रमाणे कापलेला कस्टम अबटमेंट मागवा. खर्च वाढतो, पण हा खर्च टाळण्यासारखा नाही.

टेबलावर काय हवं

टॉर्क रेंच (स्क्रू मोजून आवळायचा पाना) आणि त्या कंपनीचाच ड्रायव्हर. निर्जंतुक केलेली टेफ्लॉन टेप. नळाला गुंडाळायची साधी टेप ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांनाही टिकते, कारण तिचा वितळबिंदू ३०० अंशांच्या वर आहे. झटपट घट्ट होणारं, चाव्याचा ठसा घ्यायचं सिलिकॉनचं बाइट मटेरियल. डाग पाडणारी १२ मायक्रॉनची आर्टिक्युलेटिंग फॉइल आणि दात भिडतात का ते पाहायची ८ मायक्रॉनची शिमस्टॉक पट्टी. मायक्रोब्रश, सुपरफ्लॉस, साधा फ्लॉस, टायटॅनियमचे क्युरेट (खरवडायची हत्यारं). मोठं करून दाखवणारे लूप्स असतील तर आजच वापरायचे. आणि एक्स-रेची सोय खुर्चीजवळ.

लेटेक्सचे ग्लोव्हज घालून सिलिकॉन हाताळू नका. लेटेक्समधल्या गंधकाच्या संयुगांमुळे सिलिकॉन नीट घट्ट होत नाही आणि आयत्या वेळी हातात चिकट गोळा उरतो. नायट्राइलचे घाला.

पायरी १: अबटमेंट बसवा आणि पूर्ण बसल्याची खात्री करा

हीलिंग कॅप (हिरडी भरून येईपर्यंत इम्प्लांटवर ठेवलेलं झाकण) काढल्यावर आतून सलाइनने धुवा, रक्त आणि चिकट पाणी शोषून घ्या. अबटमेंट लॅबच्या जिगच्या (जागा दाखवणाऱ्या साच्याच्या) मदतीने बसवा; जिग नसेल तर दर्शनी बाजूची खूण पाहा. षटकोनी जोडात अबटमेंट एक खाच चुकीचा बसला तर क्राउनचा शेजारच्या दाताशी येणारा कॉन्टॅक्ट एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे उघडा येतो, आणि आपण लॅबला नावं ठेवत बसतो.

स्क्रू आधी हाताने घट्ट करा. मग एक्स-रे काढा. किरण इम्प्लांटच्या अक्षाला काटकोनात यायला हवेत. इम्प्लांटचे आटे दोन्ही कडांना सुटे आणि टोकदार दिसले तर कोन बरोबर आहे. आटे एकमेकांवर चढलेले, धुरकट दिसले तर त्या फिल्मवर जोडातली फट दिसणारच नाही. पुन्हा काढा. जोडात काळी रेघ दिसली तर अबटमेंट बसलेला नाही: मध्ये हिरडी किंवा हाडाची कड अडकली असेल.

हिरडी पांढरी पडली तर थांबा. दहा ते पंधरा मिनिटांत रंग परतला तर ठीक. नाही परतला तर अबटमेंटचा खालचा फुगवटा जास्त आहे. तो कमी करून घ्या.

मग टॉर्क. आकडा कंपनीच्या पत्रकातूनच घ्या. अनेक सिस्टीममध्ये तो ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर असतो, बारीक इम्प्लांटमध्ये १५ ते २५. एकदा टॉर्क दिल्यावर दहा मिनिटं थांबून तोच टॉर्क पुन्हा द्या. स्क्रू आणि अबटमेंटच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दाबाखाली चेपतात आणि पहिला ताण थोडा उतरतो. दुसऱ्या फेरीत तो भरून निघतो. ही दहा मिनिटं फुकट घालवायची नाहीत, क्राउनची तयारी तेवढ्यात होते.

आता एक फोटो काढा: अबटमेंट तोंडात, स्क्रूचं भोक दिसेल असा, वरून आणि दर्शनी बाजूने. हा फोटो केसमध्ये जपून ठेवायचा.

पायरी २: स्क्रूचं भोक झाका

टेफ्लॉनची छोटी वळी करून स्क्रूच्या डोक्यावर बसवा आणि प्लगरने दाबा. कापूस नको, तो ओल धरतो आणि उघडल्यावर वास येतो. भोक काठोकाठ कंपोझिटने भरायची पद्धत आहे, पण आम्ही वरची जागा रिकामी ठेवतो. टेफ्लॉन फक्त स्क्रूवर, वरचा पोकळ भाग तसाच. जादा सिमेंटला जायला ती एक कोठी मिळते आणि तेवढं सिमेंट हिरडीकडे जात नाही. पकडही थोडी वाढते. तोटा एवढाच की उद्या भोक उघडताना सिमेंट कोरावं लागतं.

पायरी ३: क्राउन नुसताच घालून बघा

क्रम मोडू नका: आधी कॉन्टॅक्ट, मग मार्जिन, मग चावा.

फ्लॉस दोन्ही बाजूंनी अडखळत पण न तुटता जायला हवा. कॉन्टॅक्ट घट्ट असेल तर क्राउन अर्धा मिमी वर राहतो आणि आपण चावा उंच आहे म्हणून वरून घासत बसतो. इम्प्लांट जागचा हलत नाही, त्यामुळे नैसर्गिक दातासारखी थोडीशी सवलतही मिळत नाही. कॉन्टॅक्टवर फॉइल धरून डाग पाडा, रबर पॉइंटने हळूहळू घासा, पुन्हा बघा.

मार्जिन प्रोबने आणि एक्स-रेने तपासा. हा सिमेंट करण्याआधीचा एक्स-रे फार उपयोगाचा आहे, कारण नंतरच्या एक्स-रेशी तुलना करायला दुसरं काही नसतं.

चाव्याच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा: नैसर्गिक दात चावताना आपल्या खोबणीत दहा मायक्रॉनच्या कित्येक पट खाली दबतो. इम्प्लांट जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. पेशंटने हलकेच दात मिटल्यावर शिमस्टॉक इम्प्लांटवरून सुटून यायला हवी आणि शेजारच्या दातांवर धरली जायला हवी. जोरात चावल्यावर इम्प्लांटवरही ती धरली गेली पाहिजे. जबडा बाजूला सरकवताना क्राउनवर डाग उमटायला नको. चावा बघताना क्राउन सैल असतो, म्हणून बोटाने धरून ठेवा. जिथे घासलंत तिथे पॉलिश करून मगच पुढे जा. खरखरीत झिर्कोनिया (क्राउनचं कठीण सिरॅमिक) समोरच्या दाताला झिजवतो.

पायरी ४: नकली अबटमेंट बनवा

संपूर्ण कामातली सगळ्यात उपयोगाची पायरी हीच, आणि घाईत सगळ्यात आधी गाळली जाते तीही हीच.

थोडं गणित करू. अबटमेंट ५ मिमी व्यासाचा आणि ५ मिमी उंचीचा सरळ दंडगोल धरा. भिंती आणि वरचा भाग मिळून पृष्ठभाग जवळजवळ १०० चौरस मिमी होतो. लॅब सिमेंटसाठी ५० मायक्रॉन जागा सोडते असं धरलं तर लागणारं सिमेंट ५ घन मिमी. क्राउनच्या आतली जागा मात्र सुमारे १०० घन मिमी. म्हणजे क्राउन काठोकाठ भरलात तर वीस भागांतले एकोणीस भाग बाहेर येणार, आणि त्यांना जायला वाट हिरडीकडेच. लागणारं सिमेंट पाण्याच्या एका थेंबाच्या दहाव्या भागाइतकं आहे. ते नजरेने मोजून भरता येत नाही. म्हणून जादा सिमेंट तोंडाबाहेरच काढून टाकायचं.

वाधवानी आणि पिनेइरो यांनी २००९ मध्ये मांडलेली ही युक्ती अशी. क्राउनच्या आत टेफ्लॉन टेपचा एकेरी थर, सुरकुती न पडता, मायक्रोब्रशने भिंतींना चिकटवून बसवा. टेप कडेबाहेर मोकळी सोडा. टेप लावलेला क्राउन अबटमेंटवर एकदा दाबून काढा म्हणजे ती आत नीट बसते. आता आत सिलिकॉन बाइट मटेरियल भरा. तळापासून सुरुवात करा, टिप आतच बुडवून ठेवा, नाहीतर हवेचा बुडबुडा राहतो. वर दोनेक सेंटिमीटरचा दांडा होईल इतकं मटेरियल चढू द्या. घट्ट झालं की ओढून काढा आणि टेप सोलून टाका. हातात अबटमेंटची प्रतिकृती आली, खऱ्यापेक्षा टेपच्या जाडीइतकी, म्हणजे साधारण ५० मायक्रॉनने बारीक. मार्जिनची रेघ प्रतिकृतीवर पूर्ण दिसते का ते बघा. एखाद्या बाजूला ती तुटलेली असेल तर तिथलं सिमेंट पुसलं जाणार नाही. पुन्हा बनवा, दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ५: पृष्ठभाग साफ करा

तोंडात घालून पाहिल्यावर क्राउनच्या आत लाळ लागलेली असते. झिर्कोनियाला लाळेतला फॉस्फेट घट्ट चिकटतो आणि नंतरचा प्रायमर धरत नाही. म्हणून झिर्कोनिया साफ करायला फॉस्फोरिक ॲसिड वापरू नका. त्याने फॉस्फेट वाढतोच. ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने, १ ते २ बारच्या दाबाने, हलकं सँडब्लास्ट करा किंवा त्यासाठी मिळणारी क्लीनिंग पेस्ट लावून धुवा. रेझिन सिमेंट वापरणार असाल तर नंतर एमडीपी (झिर्कोनियाला रेझिन धरवणारं रसायन) असलेला प्रायमर. लिथियम डायसिलिकेटचा (काचेच्या जातीच्या सिरॅमिकचा) क्राउन असेल तर ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, भरपूर पाण्याने धुणं, मग सायलेन (सिरॅमिकला रेझिन धरवणारा द्रव). हे सगळं तोंडाबाहेर. हायड्रोफ्लोरिक ॲसिड टायटॅनियमच्याही जवळ न्यायचं नाही.

अबटमेंट अल्कोहोलने पुसून कोरडा करा. उंची कमी असेल तर लॅबकडून मार्जिनच्या वरचा भाग सँडब्लास्ट करून घ्या, पकड वाढते. तोंडात बसवलेल्या अबटमेंटवर सँडब्लास्ट नको.

पायरी ६: सिमेंट निवडा

नव्यांना वाटतं की सगळ्यात मजबूत सिमेंट सगळ्यात चांगलं. इम्प्लांटवर किडीची भीती नाही, अबटमेंट सरळ आणि घट्ट, लॅबने मापात बनवलेला. मध्यम ताकदीचं सिमेंट बहुतेक वेळा पुरतं. एगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अनुभवी दंतवैद्यांकडून, नकली हिरडीच्या मॉडेलवर, टायटॅनियम अबटमेंटवरचं हिरडीखालचं सिमेंट काढून घेतलं. त्यांच्याही हातून सिमेंट राहिलं आणि धातूवर ओरखडे पडले, आणि रेझिन काढणं सगळ्यात जड गेलं.

झिंक असलेली सिमेंट, म्हणजे झिंक फॉस्फेट किंवा झिंक ऑक्साइडची तात्पुरती सिमेंट, एक्स-रेवर ठळक दिसतात आणि घट्ट झाल्यावर तुकड्यांत निघतात. काही रेझिन सिमेंट पातळ थरात एक्स-रेवर दिसतच नाहीत. वापरण्याआधी क्राउनशेजारी त्याचा एक ठिपका ठेवून सेन्सरवर बघा. रेझिन मॉडिफाइड ग्लास आयोनोमर मधलं: पकड चांगली, रबरासारखं असताना सोलून निघतं, दगड झाल्यावर मात्र छळतं. फ्लोराइड असलेलं पॉलिकार्बोक्सिलेट टायटॅनियमला गंजवू शकतं, ते टाळा. रेझिन फक्त तेव्हाच, जेव्हा अबटमेंट आखूड आहे आणि मार्जिन डोळ्याला दिसतंय. आधी युजेनॉलचं तात्पुरतं सिमेंट वापरलं असेल तर त्याचा अंश रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

एकट्या क्राउनला आम्ही झिंक ऑक्साइडच्या तात्पुरत्या सिमेंटने सुरुवात करतो. तो सुटला तर त्यावरून काही कळतं आणि मजबूत सिमेंटकडे जाता येतं. उलट दिशेने जाता येत नाही.

पायरी ७: सिमेंट लावा आणि बसवा

सहायकाला क्रम आधीच सांगून ठेवा, कारण आता घड्याळ सुरू होतं. हवा गरम असेल तर सिमेंट कालवायची काच थंड करून घ्या म्हणजे वेळ थोडा जास्त मिळतो.

मार्जिनखालून आडोसा हवा असेल तर हिरडीच्या कडेत बारीक रिट्रॅक्शन दोरा किंवा अबटमेंटभोवती टेफ्लॉनचा पट्टा हलकेच ठेवता येतो. जोर लावू नका. इथली पकड नाजूक आहे, दोरा सहज खोल जातो आणि मग त्याच्याखाली सिमेंट अडकतं. ठेवलेले तुकडे मोजा आणि निघालेलेही मोजा.

क्राउनच्या आत, चारही भिंतींना मायक्रोब्रशने सिमेंटचा पातळ थर फिरवा, भरू नका. क्राउन नकली अबटमेंटवर सरळ दाबा. कडेने सिमेंटची वेणी बाहेर येईल ती गॉझने पुसा. क्राउन काढून आत डोकवा: भिंतींवर सलग, पारदर्शक वाटावा इतका पातळ थर दिसला पाहिजे. कोरडा डाग दिसला तर तिथे ब्रशने टिपका लावा. आता लगेच तोंडात, लॅबच्या खुणेप्रमाणे, सावकाश आणि सरळ दाबून बसवा. सावकाश म्हणजे पाच-सहा सेकंद. धाडकन दाबलं की दाब एकदम वाढतो आणि सिमेंट खाली पळतं. पूर्ण बसल्यावर कडेला सिमेंटची बारीक रेघ दिसेल किंवा दिसणारही नाही. रेघ दिसली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

बोटाचा दाब सतत ठेवा. पेशंटला कापसाच्या रोलवर चावायला लावलं तर क्राउन एका बाजूला कलू शकतो. घट्ट होईपर्यंत बोट हलवायचं नाही; पाहायला म्हणून उचललेलं बोट हेच पुष्कळदा उंच राहिलेल्या क्राउनचं कारण असतं.

पायरी ८: सफाई

सिमेंटप्रमाणे वेळ बदलते. झिंक फॉस्फेट आणि झिंक ऑक्साइड पूर्ण घट्ट होऊ द्या, मग तुकडे उडवा. ग्लास आयोनोमर रबरासारखं झालं की सोलायचं. रेझिनला एक-दोन सेकंद लाइट देऊन साय धरू द्या, सोला, मग प्रत्येक बाजूने पूर्ण लाइट द्या.

हत्यार नेहमी खालून वर, हिरडीकडून क्राउनकडे. वरून खाली खरवडलं की तुकडे खाली ढकलले जातात. स्टीलचे स्केलर टायटॅनियमवर ओरखडे पाडतात. टायटॅनियम क्युरेट वापरा. प्लास्टिकचं टोक तुटून आत राहतं.

फ्लॉस दोन्ही फटींतून घालून इम्प्लांटभोवती गुंडाळा, टोकं पुढे फुलीसारखी ओलांडा आणि बूट पुसतात तसं मागेपुढे करत वर आणा. मग सुपरफ्लॉसचा जाड भाग. धागे विरलेले दिसले तर खाली काहीतरी खरखरीत आहे. आणि फ्लॉसचा धागाच आत तुटून राहिला नाही ना तेही पाहा, कारण खरखरीत पृष्ठभागावर तोही अडकतो आणि हिरडी चिडवतो. शेवटी हवेची हलकी फुंकर मारून हिरडी बाजूला करा आणि लूप्सने चारही बाजू बघा. जोराची हवा हिरडीखाली मारू नका. ती ऊतींमध्ये शिरून सूज आणते.

एक्स-रे काढा आणि आधीच्याशी ताडा. फक्त एक मर्यादा ओळखून: एक्स-रेवर फटींतलं सिमेंट दिसतं, दर्शनी आणि जिभेकडच्या बाजूचं इम्प्लांटच्या सावलीत लपतं. स्वच्छ एक्स-रे म्हणजे स्वच्छ हिरडी नव्हे. चावा पुन्हा शिमस्टॉकने तपासा. सिमेंटच्या थराने क्राउन किंचित उचलला गेलेला असू शकतो.

नंतरची तपासणी

पहिली भेट आठवड्या-दोन आठवड्यांत. तोवर चिडलेली हिरडी शांत व्हायला हवी. हलक्या हाताने प्रोब फिरवा, साधारण ०.२५ न्यूटन इतकाच दाब; खोली आणि रक्त लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक वेळी याच आकड्यांशी तुलना करायची. त्यानंतर तीन महिने, सहा महिने आणि पुढे वर्षातून निदान एकदा, एक्स-रेसह.

स्पर्श केला की रक्त येतंय, हिरडी जांभळट आहे, दाबल्यावर पू येतो, तर पहिला संशय सिमेंटवर घ्या, अँटिबायोटिकवर वेळ घालवू नका. गोळ्यांनी सूज आठवडाभर उतरेल आणि सिमेंट जागीच राहील. आधी बंद पद्धतीने क्युरेट फिरवून बघा. सापडलं नाही आणि लक्षणं कायम राहिली तर हिरडीचा छोटा फ्लॅप उघडून डोळ्यांनी पाहणंच बरं. दर्शनी आणि जिभेकडच्या बाजूला आधी शोधा, कारण तिथलं एक्स-रेने सांगितलेलं नसतं.

क्राउन हलतो अशी तक्रार आली तर तो सुटला असेल असं धरून ओढू नका. दोन शक्यता असतात. नुसता क्राउन सुटला असेल तर तो अबटमेंटवर किंचित वरखाली होतो आणि कडेने लाळेचे बुडबुडे दिसतात. तो काढून साफ करून पुन्हा बसवता येतो. त्याच वेळी कारण शोधा: आखूड अबटमेंट, जबडा सरकवताना लागणारा चावा, किंवा घासून निमुळत्या केलेल्या भिंती. अबटमेंटचा स्क्रू सैल झाला असेल तर क्राउन अबटमेंटसकट फिरतो आणि हिरडीच्या कडेला रक्त दिसतं. इथे क्राउन ठोकून काढायला गेलात तर स्क्रू वाकतो किंवा इम्प्लांटच्या आतले आटे जातात.

जुना फोटो समोर ठेवा, स्क्रूच्या भोकाची जागा क्राउनवर पेनने खुणा आणि बारीक डायमंडने, भरपूर पाणी सोडत, तिथेच भोक पाडा. झिर्कोनिया असेल तर त्यासाठीचा बर (कापायचं टोक) घ्या आणि थांबत थांबत कापा, उष्णतेने तडा जातो. टेफ्लॉन दिसलं की कटिंग थांबवून ते प्रोबने उचला. ड्रायव्हर लावा, स्क्रू काढा आणि भिंगाखाली बघा. आटे चेपलेले असतील तर नवा स्क्रू घाला. क्राउन आणि अबटमेंट एकत्रच बाहेर आले असतील तर मार्जिनवरचं जुनं सिमेंट तोंडाबाहेर स्वच्छ करून घ्यायची ही आयती संधी आहे. परत बसवा, टॉर्क, दहा मिनिटं, पुन्हा टॉर्क. भोकात टेफ्लॉन, वर दोन मिमी कंपोझिट. आता तो स्क्रूने बसणारा क्राउन झाला, आणि केसपेपरवर तशी नोंद करा म्हणजे पुढचा दंतवैद्य भोक शोधत बसणार नाही.